फिटनेस सर्टिफिकेट, माझी एक चूक आणि पाच प्रश्न

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. संध्याकाळची ओपीडी भरलेली होती. माझे एक जुने पेशंट आत आले आणि खुर्चीवर न बसताच म्हणाले, "डॉक्टर, दोनच मिनिटं घेतो. हाफ मॅरेथॉनचा फॉर्म भरायचाय, फिटनेस सर्टिफिकेटवर तेवढी तुमची सही हवी आहे."

वय ४६. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसण्याची नोकरी, पण गेल्या वर्षभरात माणूस ओळखू येणार नाही इतका बदललेला. पोट आत गेलेलं, वजन नऊ किलोंनी उतरलेलं, चेहऱ्यावर तेज. मी नाडी पाहिली, बीपी घेतलं, छातीला स्टेथोस्कोप लावला. नाडी ५८, बीपी १२८/८४. "तुम्ही तर माझ्यापेक्षा फिट आहात," असं म्हणून मी हसत हसत सही केली आणि शिक्का मारला. बाहेर अजून अकरा पेशंट बसले होते.

पाच आठवड्यांनी पहाटे फोन वाजला. सराव करताना त्यांच्या छातीत दाबल्यासारखं झालं, घाम फुटला आणि ते रस्त्याच्या कडेला बसले. सोबतच्या मित्रांनी वेळ न घालवता त्यांना हॉस्पिटलमध्ये नेलं. हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त पुरवणारी मुख्य रक्तवाहिनी पूर्ण बंद झाली होती. तातडीने अँजिओप्लास्टी झाली आणि ते वाचले. तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो तेव्हा वहिनींनी विचारलं, "डॉक्टर, पण तुम्ही सही केली होती ना?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं, की डॉक्टरने फिट म्हटलेल्या माणसाला पाच आठवड्यांत हार्ट अटॅक कसा येतो. माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. हा लेख म्हणजे ते उत्तर आहे. (पेशंटची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

त्याच भेटीत दोन गोष्टी कळल्या. त्यांचे वडील ४९व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले होते. आणि गेले तीन आठवडे चढावर धावताना त्यांच्या छातीत जळजळ होत होती. थांबलं की दोन-तीन मिनिटांत बरं वाटायचं. ती ॲसिडिटी आहे असं समजून ते सकाळी उपाशीपोटी गोळी घेत होते. पहिली गोष्ट सही करण्याआधी मी विचारली नव्हती. दुसरी गोष्ट त्यांनी मला सांगितली नाही, कारण फिट माणसाला हृदयाचं दुखणं असू शकतं हे त्यांच्या मनातच आलं नाही. माझ्याही मनात आलं नव्हतं.

दोन प्रतिक्रिया, दोन्ही चुकीच्या

व्यायाम करणाऱ्या माणसाला हार्ट अटॅक आला की माझ्या वेटिंग रूममध्ये दोन प्रकारची वाक्यं ऐकू येतात.

पहिलं वाक्य: "बघा, रोज पळायचा, काय उपयोग झाला? आपण आपलं बरं. खाऊन-पिऊन सुखी." एखादा नट किंवा खेळाडू कमी वयात गेला की अशा मेसेजचा व्हॉट्सॲपवर पूर येतो. मग चालायला जाणारेही आठ दिवस घरी बसतात. काहींना तर निमित्तच हवं असतं.

दुसरं वाक्य जरा दबक्या आवाजात येतं: "त्याला आला असेल, मला नाही येणार. मी रोज जिमला जातो, माझा स्टॅमिना बघा." हे म्हणणाऱ्याने पाच वर्षांत एकदाही कोलेस्टेरॉल तपासलेलं नसतं.

ही दोन माणसं एकमेकांच्या विरुद्ध बोलताहेत असं वाटतं, पण दोघांची समजूत एकच आहे. दोघांनाही वाटतं की फिटनेस म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्या स्वच्छ असल्याचा दाखला. एकाला तो दाखला खोटा निघाला म्हणून राग आला आहे, दुसरा तो खिशात घालून निर्धास्त फिरतो आहे. माझ्या मते असा दाखला मुळात अस्तित्वातच नाही. आणि तो असल्याचं भासवण्यात आम्हा डॉक्टरांच्या दोन मिनिटांच्या सह्यांचाही वाटा आहे.

व्यायामाचा उपयोग होतो का? ड्रायव्हर आणि कंडक्टरची गोष्ट

आधी पहिल्या वाक्याचा समाचार घेऊ, कारण त्याने जास्त नुकसान होतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमध्ये डॉ. जेरी मॉरिस नावाच्या संशोधकाला प्रश्न पडला, की हार्ट अटॅकचं प्रमाण इतकं का वाढतंय. त्याने लंडनच्या डबलडेकर बसचे कर्मचारी निवडले. ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच बसमध्ये काम करायचे. फरक एवढाच, की ड्रायव्हर जवळजवळ पूर्ण पाळी बसून असायचा, तर कंडक्टर तिकिटं फाडत दिवसाला ५०० ते ७५० पायऱ्या चढायचा. ज्यांनी मुंबईत बेस्टच्या डबलडेकरमधून प्रवास केलाय त्यांना ते अरुंद, वळणदार जिने आणि त्यावरून लगबगीने वर-खाली करणारा कंडक्टर आठवत असेल.

१९५३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. कंडक्टरांना हृदयविकाराचं प्रमाण ड्रायव्हरांपेक्षा बरंच कमी होतं. ज्यांना झाला त्यांना तो उशिरा आणि सौम्य झाला. काही जणांनी शंका काढली, की ड्रायव्हर मुळात जाडच असतील. मॉरिसने मग गणवेशाच्या पँटींची मापं मिळवली! ड्रायव्हरांच्या कमरेची मापं खरंच मोठी होती. पण पुढच्या अभ्यासात दिसलं, की सारख्याच अंगकाठीच्या ड्रायव्हर आणि कंडक्टरची तुलना केली तरी कंडक्टर फायद्यातच होते. म्हणजे फायदा केवळ बारीक असण्याचा नव्हता, हालचालीचाही होता.

हे संशोधन करता करता मॉरिस स्वतः नियमित व्यायाम करू लागला. तो २००९ साली, ९९ वर्षांचा होऊन गेला. एका माणसाच्या आयुष्यावरून काही सिद्ध होत नाही हे खरं, पण मला ही गोष्ट आवडते.

त्यानंतरच्या सत्तर वर्षांत जगभर हीच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे. नियमित व्यायामाने बीपी उतरतं, इन्सुलिन चांगलं काम करतं, ट्रायग्लिसराइड कमी होतात, रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर लवचिक राहतं. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं, म्हणून आराम करताना नाडी संथ होते. शिवाय झोप सुधारते आणि ताण हलका होतो. हे सगळं एका गोळीत बसवता आलं असतं, तर आम्ही ती गोळी प्रत्येकाला लिहून दिली असती.

मग फिट माणसाला अटॅक का येतो?

आता दुसऱ्या वाक्याकडे वळू. इथे अमेरिकेतल्या जिम फिक्सची गोष्ट सांगायला हवी.

फिक्स पस्तिशीत चांगलाच जाड होता आणि दिवसाला दोन पाकिटं सिगारेट ओढायचा. १९६७ च्या सुमारास त्याने धावायला सुरुवात केली. वजन उतरलं, सिगारेट सुटली. १९७७ मध्ये त्याने धावण्यावर लिहिलेलं पुस्तक प्रचंड खपलं आणि अमेरिकेत सकाळी रस्त्यावर धावण्याची लाट आली. २० जुलै १९८४ रोजी व्हरमाँट राज्यातल्या हार्डविक गावी तो नेहमीसारखा धावायला गेला आणि रस्त्यातच कोसळून गेला. वय होतं ५२. शवविच्छेदनात त्याच्या हृदयाची एक रक्तवाहिनी ९५ टक्के, दुसरी ८५ टक्के आणि तिसरी ७० टक्के अरुंद झालेली आढळली.

जगभर लोक म्हणाले, "धावण्याचा गुरूच धावताना गेला!" पण एक गोष्ट कमी लोकांनी लक्षात घेतली. फिक्सच्या वडिलांना ३५व्या वर्षी पहिला हार्ट अटॅक आला होता आणि ४३व्या वर्षी ते गेले होते. मुलगा त्यांच्यापेक्षा नऊ वर्षं जास्त जगला. धावण्याने त्याला मारलं की धावण्याने आणि सिगारेट सोडल्याने त्याला ती नऊ वर्षं दिली? नक्की कोणीच सांगू शकत नाही, पण मला दुसरी शक्यता जास्त पटते. त्याची चूक धावण्यात नव्हती. वडिलांचा इतिहास माहीत असताना "मी धावतो, म्हणजे माझं हृदय ठणठणीत आहे" असं धरून चालण्यात होती.

आता थोडं आत काय घडतं ते पाहू. हृदय हा स्नायू आहे आणि त्याला रक्त पुरवणाऱ्या तीन मुख्य वाहिन्या आहेत. व्यायामाने स्नायू दणकट होतो. पण वाहिन्यांच्या भिंतीत कोलेस्टेरॉलचा थर साचणं ही वेगळी प्रक्रिया आहे. ती विशीपासूनच हळूहळू सुरू होऊ शकते. हा थर किती साचणार हे ठरवण्यात वाईट कोलेस्टेरॉल म्हणजे एलडीएल, तंबाखू, बीपी, डायबिटीस आणि आनुवंशिकता यांचा मोठा हात असतो. पंपाची मोटर नवी कोरी असली तरी पाइप गंजलेले असू शकतात, तसंच काहीसं.

दुसरी महत्त्वाची गोष्ट. पुष्कळदा अटॅक येतो तो ९० टक्के बंद असलेल्या जागी येत नाही. तो ४०-५० टक्क्यांच्या थरावर येतो, ज्याने त्या दिवसापर्यंत काहीच त्रास दिलेला नसतो. हा थर आतून मऊ असतो आणि वर पातळ पापुद्रा असतो. कधीतरी तो पापुद्रा फाटतो. शरीराला वाटतं जखम झाली, म्हणून तिथे रक्ताची गुठळी धरते आणि काही मिनिटांत वाहिनी बंद होते. म्हणूनच आदल्या आठवड्यात दहा किलोमीटर आरामात धावलेल्या माणसालाही अटॅक येऊ शकतो. पेशंट म्हणतो, "मला तर काहीच होत नव्हतं." तो खरंच सांगत असतो.

२००४ साली 'इंटरहार्ट' नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ५२ देशांतले सुमारे १५ हजार हार्ट अटॅकचे पेशंट आणि जवळपास तितकेच निरोगी लोक त्यात होते, भारतीयही होते. पहिल्या हार्ट अटॅकचा सुमारे ९० टक्के धोका नऊ गोष्टींशी जोडलेला आढळला: तंबाखू, रक्तातल्या चरबीचं बिघडलेलं प्रमाण, बीपी, डायबिटीस, पोटाचा घेर, मानसिक ताण, आहारात फळं-भाज्यांचा अभाव, मद्यपानाची सवय आणि व्यायामाचा अभाव. नऊ मोजा. व्यायाम त्यातला एक आहे. तुम्ही तो नीट सांभाळलात, तर फार चांगलं काम केलंत. पण उरलेल्या आठांची चौकशी अजून बाकी आहे. त्याच संशोधनात असंही दिसलं, की आपल्या भारतीय उपखंडातल्या लोकांना पहिला अटॅक इतरांपेक्षा सहाएक वर्षं लवकर, सरासरी ५३व्या वर्षी येतो. म्हणजे आपल्याकडे "अजून कुठे वय झालंय?" हे वाक्य जरा जपूनच म्हणावं.

(तिशीच्या आतल्या खेळाडूंचे अचानक मृत्यू बऱ्याचदा वेगळ्या कारणाने होतात: हृदयाच्या स्नायूचे किंवा विद्युत लहरींचे जन्मजात दोष. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. इथे मी पस्तिशीच्या पुढच्यांबद्दल बोलतो आहे.)

सोमवार ते शनिवार खुर्चीवर, रविवारी सिंहगडावर

पुण्यात रविवारी सकाळी सिंहगडाच्या पायवाटेवर जत्रा असते. मला ते दृश्य आवडतं. वर गेल्यावर भजी, पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही, त्यालाही माझी हरकत नाही. मला काळजी वाटते ती आठवड्यात सहा दिवस लिफ्टने जाऊन सातव्या दिवशी मित्राशी पैज लावून पाऊण तासात गड गाठणाऱ्याची.

१९९३ साली अमेरिकेत हार्ट अटॅकच्या पेशंटना विचारण्यात आलं, की अटॅकच्या आधीच्या तासाभरात तुम्ही काय करत होता. जोरकस श्रम केल्यानंतरच्या तासात अटॅकचा धोका सगळ्यांचाच वाढतो असं आढळलं. पण किती? आठवड्यातून पाच किंवा जास्त वेळा व्यायाम करणाऱ्यांत तो त्यांच्या एरवीच्या धोक्याच्या अडीचपटीच्या आतच राहिला. आठवड्यातून एकदाही व्यायाम न करणाऱ्यांत मात्र तो शंभरपटीहून जास्त वाढला.

हा आकडा वाचून घाबरू नका, कारण मूळ धोकाच फार लहान असतो. अमेरिकन पुरुष डॉक्टरांच्या एका मोठ्या अभ्यासात जोरकस व्यायामाच्या सुमारे १५ लाख वेळांमागे एक अचानक मृत्यू एवढं प्रमाण निघालं. तिथेही नियमित व्यायाम करणाऱ्यांत त्या तासातला वाढीव धोका कमी होता. म्हणजे व्यायामाच्या धोक्यावरचा चांगला उपाय पुन्हा नियमित व्यायामच आहे. फक्त तो रोजचा असावा आणि हळूहळू वाढवलेला असावा. पैज लावून केलेला नसावा.

सही करण्याआधीचे पाच प्रश्न

त्या प्रसंगानंतर मी दोन मिनिटांची सही बंद केली. आता जिमसाठी, ट्रेकसाठी किंवा मॅरेथॉनसाठी कोणी सर्टिफिकेट मागायला आलं, की मी आधी बसायला सांगतो आणि पाच प्रश्न विचारतो. तुम्ही ते घरी स्वतःलाच विचारू शकता.

१. घरात कोणाला लवकर हृदयविकार झाला आहे का? वडील किंवा भाऊ ५५ च्या आत, आई किंवा बहीण ६५ च्या आत. "झोपेतच गेले", "अचानक गेले", "गॅस छातीत चढला आणि गेले" असं घरात सांगत असतील, तर तेही यात धरा.

२. तंबाखू कोणत्याही रूपात आहे का? सिगारेट नाही म्हणणारे तंबाखू-चुना, गुटखा आणि मशेरी सांगायला विसरतात. महिला तर मशेरीला दात घासणंच समजतात. "फक्त पार्टीत एखादी" हेही "हो" असंच धरायचं.

३. तुमचे चार आकडे तुम्हाला माहीत आहेत का? बीपी, शुगर, एलडीएल कोलेस्टेरॉल आणि कमरेचा घेर. भारतीय पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीचा ८० च्या आत हवा. माझ्या पेशंटचं बीपी १२८/८४ होतं. मी ते नॉर्मल म्हणून सोडून दिलं, पण ते काठावरचं होतं. आणि एलडीएल तर आम्ही दोघांनीही कधी पाहिलंच नव्हतं.

४. श्रम करताना काही होतं का? जिना, चढ किंवा धावणं सुरू असताना छातीत दाब, जळजळ, गळा आवळल्यासारखं वाटणं, जबडा किंवा डावा हात दुखणं, नेहमीपेक्षा जास्त दम, चक्कर. आणि थांबल्यावर बरं वाटणं. पाचांपैकी हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. ॲसिडिटी जेवणाशी आणि आडवं होण्याशी जोडलेली असते. श्रमाने सुरू होणारी आणि थांबल्यावर जाणारी जळजळ ही, दुसरं काही सिद्ध होईपर्यंत, हृदयाचीच समजायची. स्त्रियांमध्ये आणि डायबिटीसच्या पेशंटमध्ये छातीत दुखण्याऐवजी नुसता दम लागणं किंवा न कळणारा थकवा एवढंच असू शकतं.

५. गेल्या तीन महिन्यांत तुमचा व्यायाम किती होता आणि आता एकदम किती करणार आहात? शून्यावरून २१ किलोमीटरवर जाणाऱ्याला मी सही देत नाही, पुढच्या वर्षीची तारीख देतो.

पाचही उत्तरं चांगली असतील तर बिनधास्त सुरू करा. चौथ्याचं उत्तर "हो" असेल तर व्यायाम थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा. बाकीच्यांत कुठे गडबड असेल तर आधी तपासणी करून घ्या. त्यासाठी घरी बसायची गरज नाही. चालणं बहुतेकांना चालू ठेवता येतं.

मग सगळ्या टेस्ट करून टाकू का?

हा प्रश्न मला रोज येतो. सोबत मोबाइलवर "फुल बॉडी पॅकेज, आज ६० टक्के सूट" अशी जाहिरातही येते. माझं उत्तर बहुतेकांना आवडत नाही: नको.

चाळिशीच्या आसपासच्या, काही त्रास नसलेल्या माणसाला साधारणपणे बीपी, उपाशीपोटीची शुगर किंवा एचबीएवनसी, लिपिड प्रोफाइल आणि एक ईसीजी एवढं पुरतं. घरात लवकर हृदयविकार असेल, तर आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन-ए ही रक्ततपासणीही करून घ्यावी. ही आनुवंशिक असते आणि नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये दिसत नाही.

ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट उपयोगी आहे, पण ती रक्तपुरवठ्याला अडथळा करणारा मोठा अरुंदपणा शोधते. वर सांगितलेला ४० टक्क्यांचा मऊ थर तिला दिसत नाही. त्यामुळे स्ट्रेस टेस्ट नॉर्मल आली म्हणून सिगारेट चालू ठेवणं शहाणपणाचं नाही. उलट, काही त्रास नसताना सरसकट सीटी अँजिओग्राफी केली, तर नको त्या शंका, नको ती औषधं आणि कधीकधी नको ते स्टेंटही मागे लागतात. कोणाला कोणती टेस्ट हवी हे तुमच्या पाच उत्तरांवरून ठरवायचं. पॅकेजच्या किमतीवरून ठरवू नका.

आणि गोळीबद्दल एक शब्द. एलडीएल खूप वाढलेलं असेल तर "मी व्यायामानेच कमी करतो" हा हट्ट धरू नका. व्यायामाने ट्रायग्लिसराइड चांगले उतरतात, पण एलडीएल थोडंच उतरतं. डॉक्टरांनी स्टॅटिन सांगितलं असेल तर ते घेणं म्हणजे व्यायामाचा पराभव नव्हे.

व्यायाम किती आणि कसा?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेला सल्ला सोपा आहे. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, किंवा त्याच्या निम्मा वेळ जोरकस व्यायाम. शिवाय आठवड्यातून किमान दोनदा स्नायूंची ताकद वाढवणारा व्यायाम. मध्यम म्हणजे काय, हे ओळखायला घड्याळ लागत नाही. चालता चालता बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये.

रोज दहा हजार पावलांचं बंधन मनावर घेऊ नका. तो आकडा १९६०च्या दशकात जपानमध्ये विकल्या गेलेल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आला. कुठल्या वैद्यकीय संशोधनातून नाही. वयस्कर स्त्रियांच्या एका अभ्यासात दिवसाला साडेचार हजारांच्या आसपासच्या पावलांनीही फायदा दिसला आणि साडेसात हजारांच्या पुढे तो फारसा वाढला नाही. सध्या दोन हजार चालत असाल, तर आधी चार हजार करा.

पंचेचाळिशीत सुरुवात करणाऱ्याला मी असं सांगतो: पहिला महिना फक्त चालणं, रोज २० मिनिटांपासून ४० पर्यंत. दुसऱ्या महिन्यात मध्ये मध्ये भरभर चालणं आणि दोन दिवस साधे बैठका, सूर्यनमस्कार असे व्यायाम. धावायचं असेल तर तिसऱ्या महिन्यापासून, तेही दोन मिनिटं धावणं आणि तीन मिनिटं चालणं अशा बेताने. सुरू करण्याआधी पाच-दहा मिनिटं अंग मोकळं करा. संपवताना एकदम थांबू नका, हळूहळू वेग कमी करा. ताप असेल किंवा फ्लूसारखा आजार नुकताच होऊन गेला असेल, तर काही दिवस जोराचा व्यायाम टाळा; अशा वेळी हृदयाच्या स्नायूलाही सूज असू शकते. रात्री जागरण, पहाटे धावणं, वर सिगारेट असा प्रकार तर करूच नका.

व्यायाम करताना छातीत दाब आला आणि थांबूनही पाच-दहा मिनिटांत गेला नाही, तर "अजून जरा बघू" म्हणू नका. खाली बसा, १०८ ला फोन करा किंवा सोबतच्या माणसाला जवळच्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये न्यायला सांगा. स्वतः गाडी चालवू नका. अटॅकमध्ये जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो. माझे पेशंट वाचले, कारण त्यांच्या मित्रांनी तिथे लिंबूपाणी पाजत वेळ घालवला नाही.

वहिनींना द्यायचं उत्तर

वहिनी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं आहे. मी सही केली ती तुमच्या नवऱ्याच्या नाडीवर, बीपीवर आणि दिसण्यावर. त्यांच्या रक्तवाहिन्यांबद्दल मला त्या दिवशी काहीच माहीत नव्हतं आणि मी विचारलंही नाही. त्या कागदाने आयोजकांची सोय झाली, माझी ओपीडी वेळेत संपली आणि तुम्हाला मात्र खोटा दिलासा मिळाला. ती चूक माझी होती.

पण त्यांनी वर्षभर जे धावणं केलं ते वाया गेलं असं समजू नका. नऊ किलो कमी झालेलं वजन आणि तयार झालेला हृदयाचा स्नायू यांमुळे त्यांना अटॅकमधून उभं राहणं सोपं गेलं, असं माझं मत आहे. त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली त्यांनी आधी घरातल्या घरात, मग गल्लीत आणि मग बागेत चालायला सुरुवात केली. आता ते रोज पाऊण तास चालतात, स्टॅटिन आणि रक्त पातळ करणारी गोळी न चुकता घेतात. एलडीएलचा आकडा तोंडपाठ आहे. परवा ते त्यांच्या धाकट्या भावाला घेऊन आले होते. भाऊ ४१ वर्षांचा, जिमला जाणारा, दंड फुगलेले. म्हणाला, "डॉक्टर, मला काही होत नाही, दादा उगाच घेऊन आलाय."

मी त्याला बसायला सांगितलं आणि पहिला प्रश्न विचारायच्या आधीच त्याच्या दादाने उत्तर दिलं.